न्युर्बुर्गरिंगचा बिल्ला 1936 चा आहे का? आधी त्याची पाठ दाखवा

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. मुंबईच्या चोर बाजारात तुम्हाला गाडीच्या पुढच्या जाळीवर लावायचा एक जर्मन बिल्ला मिळाला. उंची साधारण आठ सेंटिमीटर, निळा-पांढरा मीना, वर गरुड, त्याखाली ‘एडीएसी’ ही अक्षरं, मध्ये टेकडीवरचा किल्ला, किल्ल्याभोवती वेडीवाकडी वळणं घेणारी रस्त्याची रेघ आणि तळाशी ‘न्युर्बुर्गरिंग’, म्हणजे जर्मनीतल्या मोटार शर्यतींच्या धावपट्टीचं नाव. वर्ष कुठेच नाही. दुकानदाराने सांगितलं की हा 1936 च्या शर्यतीत धावलेल्या गाडीवरचा बिल्ला आहे आणि एका संस्थानिकाच्या मर्सिडीजवरून उतरवलेला आहे. तुम्ही साडेचार हजार मोजलेत आणि आता विचारता आहात की खरा आहे का, आणि 1936 चाच आहे का.

संस्थानिकाचं सोडून द्या. चोर बाजारातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी कुठल्यातरी महाराजांच्या पदरी चाकरीला होतीच. शर्यतीत धावलेली गाडी हेही सोडून द्या. 1934 ते 1937 या काळात मोठ्या शर्यतींच्या गाड्यांना 750 किलोची कमाल मर्यादा होती, आणि ती पाळता पाळता कारखान्यांच्या नाकी नऊ यायचे. 1934 च्या आयफेल शर्यतीआधी मर्सिडीजचं वजन किलोभर जास्त भरलं म्हणून रात्रीत पांढरा रंग खरवडून काढला आणि चंदेरी गाडी मैदानात उतरवली, अशी एक दंतकथा आहे. तिच्या खरेपणावर अभ्यासक अजून भांडतात. पण ज्या जगात अशी कथा खपते त्या जगात गाडीच्या नाकावर पितळेचा बिल्ला कोण लावेल?

राहिलं 1936. त्याचं उत्तर तुमच्या पुढच्या बाजूच्या फोटोतच आहे, आणि ते ‘नाही’ असं आहे.

कारण ती चार अक्षरं. एडीएसी ही जर्मनीतली मोटारचालकांची सगळ्यात मोठी संघटना. 1903 साली श्टुटगार्टला ती मोटारसायकलवाल्यांची संघटना म्हणून सुरू झाली आणि 1911 पासून तिला हे नाव मिळालं. 1933 साली नाझी सत्तेत आल्यावर सगळे मोटार क्लब गुंडाळून एकाच सरकारी छत्राखाली आणले गेले. त्या छत्राचं नाव होतं डीडीएसी. शर्यतींच्या आयोजनात एनएसकेकेचा, म्हणजे नाझी पक्षाच्या मोटार दलाचा, शब्द अखेरचा असे. एडीएसी पुन्हा उभी राहिली ती युद्धानंतर, 1946 मध्ये. त्यामुळे 26 जुलै 1936 ला बर्न्ड रोझमायरने ऑटो युनियन कंपनीच्या गाडीतून जर्मन ग्रां प्री जिंकली त्या दिवशी न्युर्बुर्गरिंगवर एडीएसी नावाची संस्था हयातच नव्हती. हयात नसलेल्या संस्थेने बिल्ला काढला कसा?

म्हणजे तुमच्या बिल्ल्यासाठी दोन खिडक्या उरतात. न्युर्बुर्गरिंग 18 जून 1927 ला सुरू झाली, म्हणून पहिली खिडकी 1927 ते 1933. दुसरी 1946 पासून पुढे. यातली नेमकी कुठली, हे पुढच्या बाजूवरून छातीठोकपणे सांगता येत नाही आणि तुम्ही पाठीचा फोटो दिलेला नाही. सगळेच हे करतात. पुढची बाजू देखणी म्हणून तिचे सहा फोटो येतात, आणि जी बाजू बोलते ती टेबलावर पालथी पडून राहते.

माझं म्हणाल तर मी इतिहासकार नाही, टूलरूमचा माणूस. आधी पिंपरीत आणि नंतर सतरा वर्षं श्टुटगार्टच्या आसपास ठशांच्या आणि साच्यांच्या कामात गेली. बिल्ल्यांचा नाद तिथेच लागला, कारण बिल्ला म्हणजे अखेर एका ठशाखाली दाबलेला पत्र्याचा तुकडा, आणि ते काम मला समजत होतं. मान्हाइमच्या फेटेरामा या जुन्या गाड्यांच्या बाजारात दर ऑक्टोबरला फिरून शिकलेली एक गोष्ट सांगतो. बिल्ल्याची कुठलीही खूण ‘मी अमुक वर्षाचा’ असं सहसा सांगत नाही. ती सांगते ‘मी अमुक वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही’. काळ ठरवायचा तो अशा नकारांवरून. तीन-चार नकार एकमेकांवर ठेवले की मध्ये एक अरुंद फट उरते, तोच तुमचा काळ. होकारामागे लागलेला माणूस फसतो, कारण होकार देणाऱ्या खुणा बनवायला फार सोप्या असतात. ‘1936’ हे चार आकडे कोणीही कोरू शकतं.

आता पाठीकडे. बिल्ला उलटा करा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी धातू बघा. पिवळसर उबदार चमक असेल तर ते निकेल, निळसर थंड चमक असेल तर क्रोम. शोभेसाठी क्रोमचा मुलामा व्यापारी पातळीवर वापरात आला तो 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे 1927-28 च्या बिल्ल्यावर निकेल दिसलं तर नवल नाही, आणि क्रोम दिसलं तर मी भुवई उंचावतो, पण फेकून देत नाही. कडेला किंवा बोल्टच्या बुडाशी मुलामा झिजून आतला धातू दिसत असेल तर तोही बघा. पिवळा किंवा लालसर म्हणजे पितळ किंवा तांब्याचं जास्त प्रमाण असलेला मिश्रधातू. करडा आणि खूप हलका असेल तर ॲल्युमिनियम, करडा आणि जड असेल तर जस्ताचा मिश्रधातू. चुंबक चिकटला तर आत लोखंडी पत्रा आहे.

मग मीना. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खरा मीना म्हणजे काचेची पूड. ती खाचेत भरून भट्टीत सुमारे 800 अंशांवर वितळवतात आणि मग धातूच्या पातळीला घासून सपाट करतात. म्हणून खऱ्या मीन्यावर बोट फिरवलं तर धातूची भिंत आणि रंग एकाच पातळीत लागतात. तो फुटतो तो काचेसारखा, शिंपल्याच्या आकाराचा टवका उडून. दुसरा प्रकार म्हणजे राळेचा रंग. तो खाचेत ओतून वाळवलेला असतो, त्यामुळे किंचित फुगलेला किंवा खाली बसलेला दिसतो. त्याचा टवका उडत नाही, त्याला ओरखडा पडतो किंवा त्याचा पापुद्रा निघतो. ओठाला लावून बघा. काच थंड लागते, राळ लागत नाही. दुकानदार हसेल, हसू दे. फक्त सुई टोचून बघू नका. गरम सुई तर मुळीच नको. मी एकदा तसं केलं होतं आणि एका चांगल्या बिल्ल्याला कायमचं भोक पाडून बसलो.

पण खरा मीना दिसला की लोक लगेच ‘युद्धपूर्व’ म्हणून मोकळे होतात. जर्मनीत भट्टीतला मीना 1950 आणि 1960 च्या दशकांतही सर्रास चालू होता. त्यामुळे काचेचा मीना काहीच सिद्ध करत नाही. राळेचा रंग मात्र पहिली खिडकी बंद करून टाकतो.

पाठीवर अक्षरं असतील तर तीही वाचा. ‘गेस. गेश.’ असं दिसेल, म्हणजे कायद्याने संरक्षित. यावरून काळ कळत नाही. ‘डीआरजीएम’ असेल तर ती जर्मन राइशमधली नोंदणी. ही पद्धत 1891 पासून राइशच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 1945 पर्यंत चालली. ‘डीबीजीएम’ असेल तर मधला ‘बी’ बुंडेस्‌ म्हणजे संघराज्याचा, म्हणजे नक्की युद्धानंतरचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 च्या आधीचा नाही. कारागिराचं नाव असेल, उदाहरणार्थ म्युनिकचे डेश्लर, न्युर्नबर्गचे लाउअर, फोर्त्सहाइमचे बी. एच. मायर किंवा ल्युडेनशाइडचे श्टाइनहाउअर उंड ल्युक, तर बिल्ला चांगल्या घरचा आहे एवढं कळतं. ही घराणी पिढ्यानपिढ्या काम करत होती, त्यामुळे नुसत्या नावावरून साल निघत नाही. नावाबरोबर पत्ता असेल, किंवा सोबत जुनी डबी असेल, तर पिनकोड बघा. पश्चिम जर्मनीत चार आकडी पिनकोड 1961 मध्ये आले आणि एकत्र झालेल्या जर्मनीत पाच आकडी 1993 मध्ये. मला एकदा ‘1930 चं’ म्हणून दाखवलेल्या पदकाच्या डबीत पाच आकडी पिनकोड असलेली चिठ्ठी मिळाली होती. विकणाऱ्याने ती काढायलाही त्रास घेतला नव्हता.

आता बोल्ट. गाडीच्या बिल्ल्यामागे सहसा आटे पाडलेले दोन खुंट असतात. जर्मन असतील तर ते मेट्रिक असायला हवेत. एम-5 किंवा एम-6 चा साधा नट घेऊन हाताने फिरवा. सरळ गेला तर ठीक. नट अडकला आणि पाव इंची व्हिटवर्थचा बसला तर तो खुंट इंग्लंडच्या सवयीचा आहे. इथे एक ‘पण’ आहे. आपल्याकडे आलेला बिल्ला पन्नास वर्षांत तीन गाड्यांवर चढला असेल आणि मधल्या एखाद्या मिस्त्रीने हाताला लागेल तो बोल्ट डकवला असेल. म्हणून आट्यांबरोबर बुडाचा सांधाही बघा. मूळ सांधा नीटनेटका आणि पाठीच्या रंगाशी जुळलेला असतो. नंतरच्या सांध्याभोवती सोल्डरचा ढिगारा असतो आणि जवळचा मुलामा उष्णतेने करपलेला असतो. छातीवर लावायचा छोटा बिल्ला असता तर मी पिन बघितली असती. मागे फुलपाखरासारखी दोन पंख दाबून काढायची पकड असेल तर ती युद्धानंतरच रुळली. 1920 किंवा 1930 च्या दशकातल्या बिल्ल्यावर ती दिसली की मी पुढचं बोलणं थांबवतो.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगतो. राळेचा रंग, ‘डीबीजीएम’, ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ॲल्युमिनियम यांपैकी एक जरी निघालं तरी तुमचा बिल्ला दुसऱ्या खिडकीतला समजा. यातलं काहीच नसेल, मीना काचेचा असेल आणि मुलामा निकेलचा असेल, तर पहिल्या खिडकीची आशा धरायला हरकत नाही.

पुढच्या बाजूवरची एक खूण मात्र मी जपून वापरतो, ती रस्त्याच्या रेघेची. मूळ न्युर्बुर्गरिंगला दोन फेरे होते, उत्तरेचा 22.8 किलोमीटरचा आणि दक्षिणेचा 7.7 किलोमीटरचा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेचा फेरा मोडून तिथे नवी छोटी धावपट्टी बांधली. ती 1984 मध्ये सुरू झाली. तुमच्या फोटोत किल्ल्याच्या खाली दुसरा लांबट फेरा मला स्पष्ट दिसतो, म्हणजे कलाकाराच्या डोळ्यासमोर जुनी न्युर्बुर्गरिंग होती. याच जागी नव्या पट्टीची आखूड, कोनाकोनाची वळणं असती तर 1984 च्या आधीचा म्हणायचा प्रश्नच नव्हता. जुना नकाशा दिसला म्हणून बिल्लाही तेवढाच जुना, असं मात्र नाही. त्या जुन्या रेघेवर लोकांचं इतकं प्रेम आहे की ती आजही छापली जाते.

गरुडावरून तुम्ही ‘नाझी काळ’ असं लिहिलंत, तो गैरसमज दूर करतो. गरुड जर्मन राजचिन्हावर शतकानुशतकं आहे. एडीएसीच्या खुणेवर तो नाझींच्या आधीही होता आणि नंतरही राहिला. असाच मी स्वतः फसलो होतो ‘गाउ’ या शब्दावरून. पहिल्या वर्षी एका बाजारात ‘गाउ’ असा शब्द असलेली धातूची एक पट्टी बघितली आणि हा तर नाझी पक्षाच्या प्रांताला वापरायचा शब्द, असं स्वतःच ठरवून अडीचपट पैसे मोजले. घरी येऊन शांतपणे बघितलं तर पत्रा ॲल्युमिनियमचा. एडीएसी आपल्या प्रादेशिक शाखांना युद्धानंतरही कित्येक वर्षं ‘गाउ’ म्हणत होती. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. अक्षरांच्या वळणाचंही तसंच. काटेरी गॉथिक लिपी दिसली की लोक हिटलर म्हणतात. प्रत्यक्षात नाझी सरकारनेच 1941 मध्ये आदेश काढून ती लिपी वापरातून काढून टाकली.

बिल्ला खरा असला तरी तो कशासाठी दिला होता, हा प्रश्न उरतोच. किंमत त्यावर ठरते. ‘फारर’ म्हणजे चालक आणि ‘टाइलनेमर’ म्हणजे भाग घेणारा. हे शब्द बिल्ल्यावर असतील तर तो बाजारात विकत मिळालेला नाही. ‘श्टेर्नफार्ट’ किंवा ‘त्सीलफार्ट’ असेल तर तो वेगळाच प्रकार. सभासद आपापल्या गावाहून गाडी हाकत शर्यतीच्या ठिकाणी यायचे, हजेरी लावायचे आणि त्याबद्दल त्यांना धातूची एक पट्टी मिळायची. हे लोक प्रेक्षक, स्पर्धक नव्हेत. आपल्याकडे वारीला जाऊन आलेला माणूस तुळशीची माळ घेऊन येतो तसंच काहीसं. बाजारात शर्यतीच्या नावाने दिसणाऱ्या वर्ष छापलेल्या पट्ट्यांत या प्रकाराच्या भरपूर असतात. आणि वर्ष नाही, शर्यतीचं नाव नाही, नुसतं ठिकाणाचं नाव आणि किल्ला, असा बिल्ला म्हणजे बहुतेक वेळा तिथल्या दुकानात विकलेली आठवण. तुमचा बिल्ला मला या वर्गातला वाटतो. त्यात कमीपणा काही नाही. 1950-60 च्या दशकांत पश्चिम जर्मनीत ठाण मांडून बसलेले ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिक असे बिल्ले हौसेने घेत. त्यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले आणि तिथून कुठे कुठे.

वर्ष छापलेला बिल्ला पुढे कधी घ्यायची वेळ आलीच तर त्या वर्षी ती शर्यत झाली होती का, हे आधी तपासा. जर्मन ग्रां प्री 1930 आणि 1933 मध्ये झालीच नाही. 1955 मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथल्या शर्यतीत 11 जूनला भीषण अपघात झाला आणि त्यानंतर ती रद्द झाली. पहिली, 1926 ची, बर्लिनच्या आवुस या धावपट्टीवर झाली होती आणि कारात्सिओला या चालकाने ती मर्सिडीजमधून जिंकली. त्यामुळे ‘न्युर्बुर्गरिंग 1926’ असलं काही दिसलं तर नमस्कार करून पुढे चला. 1960 ची दक्षिणेच्या छोट्या फेऱ्यावर, छोट्या गाड्यांची झाली. आणखी एक बारीक सापळा म्हणजे ‘एफआयए’. मोटार क्लबांच्या जागतिक संघटनेला हे नाव युद्धानंतर मिळालं. ते नाव 1930 च्या दशकातल्या बिल्ल्यावर असेल तर बनवणाऱ्याने इतिहासाचा तास चुकवला असणार. पूर्व जर्मनीतल्या झाक्सनरिंग या धावपट्टीच्या बिल्ल्यांवर ‘एडीएमव्ही’ हे तिथल्या मोटार संघटनेचं नाव असेल तर तो 1957 च्या आधीचा नाही, कारण ती संघटना तेव्हाच स्थापन झाली.

नकलेबद्दल, कारण हा माझ्या धंद्याचा विषय. मूळ बिल्ले पोलादी ठशाखाली दाबून काढलेले. त्यांची अक्षरं धारदार, भिंती सरळ, धातू घट्ट. नकली बिल्ला बनवायचा सोपा मार्ग म्हणजे खऱ्या बिल्ल्याचा साचा घेऊन त्यात धातू ओतणं. ओतलेला धातू गार होताना आकसतो, पितळ साधारण दीड टक्का. आठ सेंटिमीटरच्या बिल्ल्यात ते मिलिमीटरहून जास्त भरतं. खात्रीचा नमुना समोर असेल तर व्हर्नियर लावा, नक्कल लहान भरते. शिवाय भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात आणि कडेवर कानशीचे ओरखडे असतात. त्रास होतो तो जुन्याच ठशावरून नव्याने काढलेल्या बिल्ल्यांचा. तिथे माप जुळतं, धार जुळते. तेव्हा मी झिजेकडे बघतो. झीज उंचवट्यांवर असायला हवी आणि मळ खाचांत. सगळीकडे सारखीच ‘जुनी’ दिसणारी तपकिरी छटा आम्लाची असते. खाचांतला मळ खरा असेल तर तो काढू नका. चिंच, पीतांबरी, ब्रासो, काहीही लावू नका. कोमट पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं बस झालं.

जाता जाता कायद्याचं. तुमच्या बिल्ल्यावर हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिकासारखं चिन्ह नाही, पण एनएसकेकेच्या बऱ्याच बिल्ल्यांवर असतो. आपल्या दारावरच्या स्वस्तिकाशी त्याची तुलना करून जर्मन माणसाला समजवायच्या भानगडीत पडू नका. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86 अ नुसार ते चिन्ह सार्वजनिकरीत्या दाखवणं हा गुन्हा आहे. शिक्षण किंवा संशोधनासारखे अपवाद आहेत, म्हणून तिथले विक्रेते चिन्हावर कागदाचा तुकडा चिकटवून ठेवतात. तसा बिल्ला कधी हाती आला तर तिकडच्या मंडळींना फोटो पाठवताना तेवढी काळजी घ्या.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. पाठीचा फोटो, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता. एका खुंटाच्या बुडाचा जवळून फोटो. आणि निळ्या मीन्याच्या कडेला टवका उडालेली एखादी जागा असेल तर तिचा. टवका नसेल तर तो पाडू नका, ओठाला लावून काय वाटलं तेवढं लिहा.